डिझेल गाडीत कोणतं ऑइल घालायचं? डब्याची मागची बाजू वाचूया

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलताना आकडे आणि अक्षरं भराभर निघून जातात, आणि आजच्या विषयात तर सगळा खेळच आकड्यांचा आणि अक्षरांचा आहे. त्यामुळे ज्यांनी भाग ऐकलाय त्यांनीसुद्धा हे एकदा नजरेखालून घातलं तर बरं.

आजचा विषय आहे डिझेल गाडीचं इंजिन ऑइल. त्यातही २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-६ डिझेल गाड्यांचं. मी मेकॅनिकलचा माणूस नाही, हे आधीच सांगतो. बीटेक कॉम्प्युटरमधलं आहे आणि पोटापाण्यासाठी कोड लिहितो. पण या कामामुळे एक सवय लागली, की कुठलीही गोष्ट वापरण्याआधी तिचं डॉक्युमेंटेशन वाचायचं. आणि ऑइलचा डबा हे बऱ्यापैकी चांगलं डॉक्युमेंट आहे. फक्त कामाचा मजकूर मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतो.

एका श्रोत्याचा मेसेज आला होता. सांगली जिल्ह्यातले आहेत. त्यांनी २०२१ ची डिझेल एसयूव्ही सेकंड हँड घेतली आणि ती भाड्यानं चालवतात. घर त्या गाडीवर चालतं. त्यांचे पंधरा वर्षांचे ओळखीचे मिस्त्री म्हणतात, "१५डब्ल्यू-४० टाकू. आपल्याकडच्या उन्हाला जाड ऑइलच पाहिजे." सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात ५डब्ल्यू-३० टाका, आणि त्याचं बिल बरंच जास्त. मेव्हणे म्हणतात, "घरात ट्रॅक्टरच्या ऑइलची बादली आहे ना? डिझेलचंच तर आहे, तेच ओत." शेवटी त्यांनी लिहिलंय, "दादा, नक्की कुणाचं ऐकू?"

एका वाक्यात उत्तर देतो. यातल्या कुणाचंच ऐकण्याआधी गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडा, त्यात ऑइलचं जे स्पेसिफिकेशन लिहिलंय ते डब्याच्या मागे शब्दशः सापडतंय का बघा. पण नुसतं "पुस्तक वाचा" म्हटलं की कुणी वाचत नाही, हे मला आमच्या ऑफिसवरून चांगलं माहीत आहे. त्यामुळे ते का वाचायचं, हे आज समजून घेऊ.

सुरुवात डब्याच्या पुढच्या बाजूपासून. मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ५डब्ल्यू-३० किंवा १५डब्ल्यू-४०. हा एसएईचा ग्रेड. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतली वागणूक सांगतो. ५डब्ल्यूची क्रँकिंगची चाचणी उणे ३० अंशांना होते, १५डब्ल्यूची उणे २० अंशांना. नंतरचा आकडा सांगतो, की इंजिन तापल्यावर, १०० अंश सेल्सिअसला, ऑइल किती दाट राहतं. ४० असेल तर ३० पेक्षा दाट. बस्स, एवढंच. हा ग्रेड फक्त दाटपणा सांगतो. त्या ऑइलमध्ये कोणती रसायनं घातलीत, ते डिझेलला चालतं की फक्त पेट्रोलला, याबद्दल ग्रेड एक शब्दही बोलत नाही.

आता "आपल्याकडच्या उन्हाला जाड ऑइल" हा मुद्दा. हे म्हणणं अगदीच निराधार नाही. जुन्या इंजिनांत फटी मोठ्या होत्या, ऑइलही आजच्याइतकं टिकाऊ नव्हतं, तेव्हा दाट ऑइलचा फायदा दिसायचा. पण आजच्या इंजिनाचं तापमान बाहेरच्या हवेवर फारसं ठरत नाही. थर्मोस्टॅट आणि कूलंट मिळून ते साधारण ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतात. बाहेर महाबळेश्वरचे १५ अंश असोत की नागपूरचे ४५, तापलेल्या इंजिनाच्या आतलं चित्र जवळपास तेच असतं.

उलट सकाळी गाडी चालू करतानाचा विचार करा. ४० अंशांना मोजलं तर नेहमीचं १५डब्ल्यू-४० हे ५डब्ल्यू-३० च्या साधारण दीडपट दाट असतं. म्हणजे आपल्या साध्या हवेतसुद्धा पहिले काही सेकंद ते वरपर्यंत पोचायला जास्त वेळ घेतं. आणि वर टर्बो बसलेला असतो. तो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तेही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. इंजिन बनवणाऱ्यानं सगळ्या फटी, पंप आणि टर्बोची बेअरिंग एका ठरावीक दाटपणाचा हिशोब धरून बनवलेली असतात. पुस्तकात दोन-तीन ग्रेड चालतील असं लिहिलं असेल तर त्यातला कुठलाही घ्या. एकच लिहिला असेल तर तोच.

पण खरं सांगायचं तर दाटपणा हा आजचा मुख्य मुद्दाच नाही. मुख्य मुद्दा सायलेन्सरच्या बाजूला आहे.

जरा मागे जाऊ. भारतानं बीएस-४ वरून बीएस-५ वगळून थेट बीएस-६ वर उडी मारली. सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०१८ मध्ये सांगितलं, की १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-४ गाड्या विकायच्या नाहीत. डिझेल कारसाठी ही उडी फार मोठी होती. धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅमवर आली. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा २५० वरून ८० मिलिग्रॅमवर. शिवाय पहिल्यांदाच कणांची संख्या मोजायला सुरुवात झाली. किलोमीटरला ६०० अब्ज कणांपेक्षा जास्त नकोत. आकडा ऐकायला प्रचंड वाटतो, पण फिल्टर नसलेल्या डिझेल इंजिनातून याच्या कित्येक पट कण बाहेर पडतात. मारुतीसारख्या कंपनीनं तर एप्रिल २०२० पासून डिझेल कार बनवणंच थांबवलं, इतका हा बदल महाग होता.

ही मर्यादा पाळायची तर सायलेन्सरच्या वाटेवर गाळणी बसवावी लागते. तिचं नाव डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजेच डीपीएफ. आत सिरॅमिकची मधाच्या पोळ्यासारखी रचना असते. प्रत्येक नळी एका टोकाला बंद, त्यामुळे धूर नळीच्या सच्छिद्र भिंतीतून झिरपूनच बाहेर पडू शकतो. काजळी भिंतीवर अडकते.

काजळी साठत गेली की गाळणी तुंबणार, मग गाडी काय करते? ती काजळी जाळते. धुराचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेलं, की काजळी पेटते आणि तिचा कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. याला रिजनरेशन म्हणतात. हायवेवर गाडी सलग पळत असेल तर यातलं बरंचसं काम आपोआप होतं.

आता चूल डोळ्यांसमोर आणा. चुलीच्या भिंतीला लागलेली काजळी जाळ मोठा केला तर जळून जाईल. पण खाली साठलेली राख? ती कितीही जाळ केला तरी जळत नाही, कारण ती आधीच जळून उरलेली आहे. ती हातानंच काढावी लागते. डीपीएफचं अगदी हेच आहे. काजळी डिझेलमधून येते आणि जळते. राख मात्र मुख्यतः इंजिन ऑइलमधून येते आणि ती जळत नाही. ती फिल्टरमध्येच बसून राहते.

ऑइलमधून राख कशी? प्रत्येक इंजिन थोडं ऑइल जाळतंच. पिस्टनच्या रिंगांपाशी, टर्बोच्या सीलपाशी, थोडं थोडं. आणि ऑइल म्हणजे नुसतं तेल नसतं. त्यात इंजिन धुणारी डिटर्जंट असतात, त्यांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. झीज थांबवणारं एक रसायन असतं, त्यात झिंक आणि फॉस्फरस असतं. तेल जळून जातं, पण हे धातू राखेच्या रूपात मागे उरतात. लॅबमध्ये हे मोजायची पद्धत आहे. ऑइल जाळायचं, उरलेल्यावर सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करायची आणि शेवटी जे शिल्लक राहतं त्याचं वजन करायचं. या आकड्याला सल्फेटेड अॅश म्हणतात. आजच्या भागातला एकच शब्द लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा.

थोडा हिशोब करू. समजा, तुमची गाडी १० हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल खाते. बऱ्याच चांगल्या गाड्यांचंही एवढं होतं. म्हणजे १ लाख किलोमीटरला ५ लिटर. ऑइलची घनता लिटरला साधारण ०.८५ किलो धरली तर झालं सव्वाचार किलो. त्या ऑइलमध्ये सल्फेटेड अॅश १.५ टक्के असेल तर राख झाली सुमारे ६४ ग्रॅम. ०.८ टक्के असेल तर ३४ ग्रॅम. ०.५ टक्के असेल तर २१ ग्रॅम. सगळीच राख फिल्टरपर्यंत पोचत नाही, पण एकमेकांतलं प्रमाण तेच राहतं. कारच्या फिल्टरमध्ये राखेला जी जागा असते, ती दहा-वीस-तीस ग्रॅमच्या भाषेत मोजायची असते. त्यामुळे हा फरक लहान नाही. जो फिल्टर एरवी लाख-दीड लाख किलोमीटर निवांत चालला असता, तो चुकीच्या ऑइलनं साधारण निम्म्या प्रवासात भरू शकतो.

भरला की काय होतं? राखेनं जागा व्यापली, त्यामुळे काजळीला कमी जागा उरली. मग रिजनरेशन वारंवार होऊ लागतं, अॅव्हरेज पडतं, पिकअप मंदावतो, दिवा लागतो. मग फिल्टर काढून मशीनवर धुवून घ्यायचा, नाहीतर नवीन बसवायचा. नवीन फिल्टरची किंमत ही ऑइलच्या दोन डब्यांतल्या फरकाच्या कित्येक पट असते. आणि गाडी भाड्यानं चालत असेल तर ती जितके दिवस उभी, तितक्या दिवसांचं उत्पन्न बुडालं. सांगलीच्या त्या मित्राचा खरा हिशोब इथे आहे. दर सर्व्हिसिंगला वाचणारे हजार-दीड हजार दिसतात, फिल्टरमध्ये साठणारी राख दिसत नाही.

आता डबा उलटा करू. मागे दोन मोठ्या कुटुंबांची नावं सापडतील.

पहिलं एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. यांच्याकडे एस अक्षरानं सुरू होणारे वर्ग पेट्रोलचे आणि सी अक्षरानं सुरू होणारे डिझेलचे. सीएच-४, सीआय-४, सीजे-४, सीके-४ असा क्रम. हा मुख्यतः ट्रक, बस आणि मोठ्या इंजिनांचा संसार. सीआय-४ हा २००२ चा, म्हणजे डीपीएफच्या आधीच्या काळातला वर्ग. त्यात राखेवर मर्यादा नाही. सीके-४ डिसेंबर २०१६ मध्ये आला, त्यात सल्फेटेड अॅश जास्तीत जास्त १ टक्का.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर सीके-४ बॅकवर्ड कम्पॅटिबल आहे. जिथे सीआय-४ मागितलंय तिथे ते चालतं. उलटं चालत नाही. आणि त्याच्यासोबतच आलेलं एफए-४ हे मात्र मुद्दाम पातळ बनवलेलं वेगळंच ऑइल आहे. नवीन दिसतं म्हणून जुन्या इंजिनात ओतायचं नाही.

दुसरं कुटुंब एसीईए, म्हणजे युरोपातल्या गाडी बनवणाऱ्यांची संघटना. आपल्याकडच्या बहुतेक डिझेल कारच्या पुस्तकात याचंच नाव येतं. यात ए आणि बी अक्षरांचे वर्ग आहेत, जसं ए३/बी४, ज्यांत राख १.६ टक्क्यांपर्यंत चालते. आणि सी अक्षराचे वर्ग आहेत, जे २००४ पासून सुरू झाले. हे खास फिल्टर आणि कॅटॅलिस्ट असणाऱ्या गाड्यांसाठी. सी२ आणि सी३ मध्ये राख ०.८ टक्क्यांच्या आत, सी४ मध्ये ०.५ टक्क्यांच्या आत.

इथे दोन खड्डे आहेत, दोन्ही नीट बघून घ्या. पहिला, एपीआयचा सी आणि एसीईएचा सी यांचा एकमेकांशी संबंध नाही. एपीआयमध्ये सी म्हणजे डिझेल. एसीईएमध्ये सी म्हणजे फिल्टर-कॅटॅलिस्टला जपणारं. डब्यावर "सीआय-४" दिसलं, सी अक्षर जुळलं, म्हणून "सी३" ची अट पूर्ण होत नाही. दुसरा खड्डा, सीच्या पुढचे आकडे ही शिडी नाही. सी५ हे सी३ पेक्षा वरचं व्हर्जन नाही. सी३ मध्ये जास्त तापमानाला आणि जास्त दाबाखाली टिकणारा थर जाड असतो, सी२ मध्ये पातळ, सी५ मध्ये आणखी पातळ. इंजिन ज्यासाठी बनलंय तेच घालायचं. पुस्तकात सी३ असेल तर सी३च.

याशिवाय काही कंपन्यांचे स्वतःचे नियम असतात. फोक्सवॅगन ५०७ ००, मर्सिडीज २२९.५१, बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०४, रेनॉ आरएन०७२० ही डीपीएफवाल्या डिझेलसाठीची नावं. जपानी गाड्यांच्या पुस्तकात डीएल-१ असंही दिसेल. आता डब्यावरची भाषा बारकाईनं वाचा. "अप्रूव्हल" किंवा "अप्रूव्हड" लिहिलं असेल तर त्या कंपनीनं ते ऑइल तपासून मान्य केलंय. "मीट्स" किंवा "सूटेबल फॉर" लिहिलं असेल तर तो ऑइल बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा आहे. दावा खोटाच असेल असं नाही, पण दोन्हींचं वजन सारखं नाही.

एक प्रयोग करून बघा. मोठ्या दुकानात जा आणि ५डब्ल्यू-३० लिहिलेले तीन डबे शेजारी ठेवा. बऱ्याचदा एक पेट्रोलसाठीचा एपीआय एसपी निघेल, एक ए३/बी४ आणि एक सी३. तिघांची पुढची बाजू जवळपास सारखी, तिघंही फुल्ली सिंथेटिक. बीएस-६ डिझेलसाठी त्यातला एकच कामाचा. म्हणजे सर्व्हिस सेंटरवाले नुसतं "५डब्ल्यू-३०" म्हणाले तरी उत्तर अर्धंच झालं. त्यांनाही पुढचा प्रश्न विचारायचा, "सी३ आहे का? डबा दाखवा."

आता मेव्हण्यांची बादली. ट्रॅक्टरचं ऑइल साधारण १५डब्ल्यू-४० आणि सीएच-४ किंवा सीआय-४ असतं. ते ट्रॅक्टरला उत्तम आहे, त्यात शंका नाही. ट्रॅक्टर दिवसभर लोडवर चालतो, धूळ खातो, आणि बहुतेक ट्रॅक्टरांना डीपीएफ नसतो. त्याला भरपूर डिटर्जंट असलेलं ऑइल हवंच. पण तेच ऑइल घरातल्या बीएस-६ गाडीत ओतलं तर भरपूर डिटर्जंट म्हणजे भरपूर राख. "दोन्ही डिझेलच" हे खरं असलं तरी सायलेन्सरची बाजू वेगळी आहे. घरात दोन्ही वाहनं असतील तर डब्यांवर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. ऑइल कमी दिसलं की घाईत जो हाताला लागेल तोच डबा ओतला जातो.

मग कुणी विचारेल, कमी राखेचं ऑइल म्हणजे कमी डिटर्जंट, म्हणजे इंजिन कमी साफ राहणार का? प्रश्न रास्त आहे. जुन्या डिझेलमध्ये सल्फर फार होतं. बीएस-३ च्या डिझेलमध्ये ३५० पीपीएमपर्यंत, बीएस-४ मध्ये ५०, आणि आता बीएस-६ मध्ये १०. सल्फर जळून आम्ल होतं, ते मारायला ऑइलमध्ये क्षार जास्त लागायचे. इंधनच स्वच्छ झाल्यावर तेवढ्या क्षारांची गरज उरली नाही. इंधन, ऑइल आणि फिल्टर या तिघांची जोडी एकत्र जमवलेली आहे. फक्त एक लक्षात ठेवा, या ऑइलला राखीव साठा कमी असतो, म्हणून बदलायची मुदत ओढायची नाही. पुस्तकात दिलेले किलोमीटर किंवा दिलेले महिने, जे आधी येईल ते.

शहरात गाडी चालवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. रिजनरेशनसाठी बहुतेक कारमध्ये सिलिंडरमध्ये थोडं जास्तीचं डिझेल उशिरा फवारलं जातं, म्हणजे धूर तापतो. यातलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ओघळून ऑइलमध्ये मिसळतं. घर ते स्टेशन, स्टेशन ते घर, असे तीन-चार किलोमीटरचेच फेरे असतील तर रिजनरेशन अर्ध्यावर तुटतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं. मग ऑइल पातळ होत जातं आणि डिपस्टिकवर पातळी चढलेली दिसते. लोक खूश होतात, की "आपली गाडी ऑइल खातच नाही." पातळी चढणं ही आनंदाची बातमी नाही. ती वरच्या खुणेच्या पुढे गेली तर मुदतीची वाट न बघता ऑइल बदला. महिन्यातून दोनदा महिन्याचा बाजार बघितल्यासारखी डिपस्टिक बघा, सपाट जागेवर, इंजिन बंद करून थोडं थांबून. आणि डीपीएफचा दिवा लागला तर पुस्तकात दिल्याप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर साधारण १५-२० मिनिटं एका लयीत चालवा. दिवा लागलाय म्हणून लगेच इंजिन बंद करणं हा उलटा उपाय होईल.

ऑइल काळं झालं म्हणून घाबरू नका. डिझेलमध्ये नवीन ऑइल काही दिवसांतच काळं पडतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. रंगावरून ऑइलचं आयुष्य ठरत नाही.

दिवा वारंवार लागायला लागला की कुणीतरी हमखास सल्ला देतं, "डीपीएफ काढूनच टाका, सॉफ्टवेअर मारून देतो, कटकट मिटेल." मी कोडवाला आहे, त्यामुळे हे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे हे मला कळतं. पण ते बेकायदा आहे, वॉरंटी जाते, आणि तो धूर आपल्याच गल्लीतल्या पोरांच्या नाकाच्या उंचीवर बाहेर पडतो. ज्या काजळीसाठी एवढी महागडी गाळणी बसवली, ती काजळी परत मोकळी सोडायची, यात शहाणपण नाही.

जुन्या गाड्यांचं काय? तुमची गाडी बीएस-३ किंवा बीएस-४ असेल, तर बहुतेक तिला डीपीएफ नसेल. मग राखेची एवढी चिंता नको. पुस्तकात सीआय-४ किंवा ए३/बी४ लिहिलं असेल तर बिनधास्त तेच वापरा, महाग सी३ च्या मागे लागायची गरज नाही. इथेही नियम तोच, पुस्तकात आहे ते.

खरेदीबद्दल चार गोष्टी. बॅरलमधलं सुट्टं ऑइल टाळा, सीलबंद डबाच घ्या. सील, बॅच नंबर, तारीख बघा, क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा. डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा. रिकामा डबा घरी आणा किंवा तिथेच भोक पाडा, कारण चांगल्या कंपनीच्या रिकाम्या डब्यात भलतंच ऑइल भरून विकणारे लोक आहेत. आणि बिलावर ग्रेडसोबत स्पेसिफिकेशनही लिहून घ्या, "५डब्ल्यू-३० सी३" असं पूर्ण. वॉरंटीचा प्रश्न आला तर तोच कागद उपयोगी पडतो. वरून टाकायची "जादूची" अॅडिटिव्ह घेऊ नका. जे हवंय ते ऑइलमध्ये मोजून घातलेलं आहे. बाहेरून धातूवाली बाटली ओतली तर राखेचा हिशोब बिघडतो.

आणि निघालेलं जळकं ऑइल कृपया ओढ्यात किंवा गटारात सोडू नका. गावाकडे वाळवीसाठी लाकडाला लावतात, तेही नको. कायद्यानं तो घातक कचरा आहे. अधिकृत रिसायकलरकडे देणाऱ्या गॅरेजमध्येच बदला.

राहता राहिले मिस्त्री. त्यांच्याशी भांडू नका, ही माझी विनंती. पंधरा वर्षं ज्यांनी रात्री-अपरात्री फोन उचलला, त्यांना "तुम्हाला कळत नाही" म्हणणं बरोबरही नाही आणि खरंही नाही. त्यांच्या हाताखालून जी शेकडो इंजिनं गेली, त्यांना १५डब्ल्यू-४० नीट चाललं, हा त्यांचा अनुभव आहे. गाळणी नंतर आली. तुम्ही एवढंच करा. पुस्तकातल्या त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा, बरोबर डबा विकत घ्या आणि घेऊन जा. "काका, या गाडीला कंपनीनं हेच सांगितलंय, एवढं टाकून द्या." बहुतेक मिस्त्री आनंदानं टाकतील, आणि अर्ध्याअधिक जणांना तो फोटो पाठवून हवा असेल. फिल्टर आणि ड्रेन प्लगचा वॉशर मात्र त्यांच्याच सल्ल्यानं घ्या. हात त्यांचाच चांगला आहे.

तर मंडळी, आज गाडीच्या डिकीत किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये ते पुस्तक शोधा. सेकंड हँड गाडीत नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवर बऱ्याचदा त्याची पीडीएफ मिळते. इंजिन ऑइलचं पान उघडा आणि दोन गोष्टी मोबाइलमध्ये लिहून ठेवा, ग्रेड आणि स्पेसिफिकेशन. पुढच्या सर्व्हिसिंगला दुकानात एवढ्या दोन ओळी वाचून दाखवल्यात तरी पुरे.

तुमच्या गाडीच्या पुस्तकात काही वेगळंच लिहिलेलं आढळलं, किंवा डब्यावरचं एखादं अक्षर कळलं नाही, तर मागच्या बाजूचा फोटो पाठवा. पुढच्या एखाद्या भागात आपण मिळून वाचू. तोवर गाडी सांभाळून चालवा. भेटूच.